काहून वैद्य

आजारी माणसाला "काय होतंय?" असे विचारणारे वैद्य गावोगाव असतात. बरा झालेला माणूस भर रस्त्यात अडवून, त्याच्या बंडीला धरून, "तू बरा काहून झाला बे?" असे भांडणारा वैद्य मात्र आमच्या रिसोडातच होता.

त्यांचे नाव अंबादास. पण हे नाव त्यांच्या घरच्या देवालाही आठवत असेल की नाही, शंका आहे. सदा 'काहून', म्हणजे 'का', विचारतात म्हणून सगळा गाव त्यांना 'काहून वैद्य' म्हणे. अंगाने काटकुळे, डोक्याला नेहमी सैल होत जाणारे पागोटे, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे असे बघत, जणू त्याने आपले काहीतरी चोरले आहे. एका 'काहून'ला उत्तर दिले की दुसरा 'काहून' तयार. त्याचे उत्तर दिले की तिसरा. माणूस शेवटी हात जोडून "माहीत नाही जी" म्हणाला, की वैद्य खूश होऊन म्हणत, "हां! आता खरं बोलला."

एकदा कावीळ झालेला एक तेली बरा झाला. बिचारा नारळ घेऊन वैद्यांच्या पाया पडायला आला. वैद्यांनी नारळ घेतला नाही. आधी त्याला ओट्यावर बसवले.

"माह्या पुड्या घेतल्या?"

"घेतल्या जी."

"सगळ्या?"

तेली घुटमळला. "दोन-चार राहून गेल्या."

"अन् आणखी काय घेतलं?"

"उसाचा रस."

"कोनं सांगतलं?"

"सासूनं."

"मंग माह्याकडे कायले आला? नारय सासूले दे."

तेल्याने खरोखर नारळ सासूला नेऊन दिला. तेव्हापासून ती बाई स्वतःला वैद्यीण समजू लागली आणि तिने काहून वैद्यांचे निम्मे रोगी पळवले. वैद्यांना त्याचे काही नाही. ते उलट तिच्या रोग्यांनाही अडवून विचारत, "काहून बरा झाला?"

पुडी देतानाही ते कधी गुण गात नसत. "हे लागू पडन याचा भरवसा नाई. पडलं तं सांगायले ये, नाई पडलं तं आधी ये." असे बोलणाऱ्याकडे कोण जाईल? मी तर त्यांना साफ वेड्यात काढत असे. आमच्या धंद्यात स्वतःच्या बैलाचा लंगडा पाय दाखवणारा माणूस उपाशी मरतो.

माझा धंदा म्हणजे बैलबाजारातली दलाली. बापाने माझ्यासाठी दोनच गोष्टी मागे ठेवल्या होत्या: एक कासरा आणि एक तापट डोके. कासऱ्याच्या जोरावर मी धंदा उभा केला, आणि डोक्यापायी तो अनेकदा आडवा केला. पण सखाराम दलालाने रोगट बैल गळ्यात मारला, असे बोलायची रिसोडपासून मालेगावपर्यंत कोणाची छाती नव्हती.

आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने होत नाही. घेणारा आणि देणारा हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली बोटे धरून भाव सांगतात. भोवती शंभर माणसे उभी असली तरी आत काय चालले आहे ते कोणाला कळत नाही. काहून वैद्यांना या रुमालाचा मनापासून राग. बाजाराच्या दिवशी ते मुद्दाम येऊन माझ्या बाजूला उभे राहत आणि मोठ्याने म्हणत, "काय झाकून राह्यला रे सखाराम? खरं असन तं उघड्यावर बोल ना!" माझे किती सौदे त्यांनी असे मोडले असतील!

त्या माणसाच्या ओट्यावर मला स्वतःहून जावे लागले, ते बापूसाहेबांमुळे.

बापूसाहेब हे मालेगावच्या बाजूचे बडे जमीनदार. त्यांनी माझ्याकडून एक पांढरी जोडी नेली होती. जोडी सोन्यासारखी होती. पुढे डवरणीत, म्हणजे उभ्या पिकात डवरा चालवताना, तिचे खांदे लागले. जू मानेला नीट बसत नसले की खांदा सोलतो, सुजतो, त्यात पाणी होते. हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण बापूसाहेबांनी तेव्हा नुकतीच 'नंदीराज मलम' नावाच्या मलमाची एजन्सी घेतली होती. जोडीच्या खांद्यांना त्यांनी नंदीराज लावले, खांदे भरून आले, आणि साहेबांनी जाहिरात छापली. वर नंदीचे चित्र, आणि खाली: 'रिसोडच्या सखाराम दलालाने खांदे सडलेली जोडी डांबर फासून आमच्या गळ्यात मारली. नंदीराजने ती पंधरवड्यात ठणठणीत केली.'

आयुष्यात पहिल्यांदा माझे नाव छापून आले, ते असे.

ती जाहिरात मी चहाच्या दुकानात वाचली आणि कपबशी भिंतीवर फोडली. पुढच्या बाजारात माझ्या रुमालाखाली कोणी हात घालेना. ज्यांची लग्ने मी दिलेल्या बैलांच्या दमण्यांतून, हलक्या बैलगाड्यांतून, निघाली, ते शेतकरीही बैलाचा खांदा चोळून, बोट नाकाला लावून डांबराचा वास घेऊ लागले. मी तडक वैद्यांकडे गेलो.

"ते नंदीराज मलम थोतांड आहे, असं तुम्ही चौकात सांगा."

"तुले कसं मालूम?"

"मला मालूम आहे!"

"काहून?"

"कारण तो बापूसाहेब एक नंबरचा..."

वैद्यांनी हात वर केला. "हे मलमाबद्दल नाई झालं. हे बापूसाहेबाबद्दल झालं. तुह्या डोयात राग हाये सखाराम. रागाचे डोये पाहायच्या कामाचे नसतात."

"मग तुमच्या डोळ्यांनी पाहा!"

"माहे बी कामाचे नाईत. माह्या बापाचं खांद्याचं मलम हाये ना घरात. नंदीराज पडलं तं माहं खपन. माह्या डोयात लोभ हाये."

"म्हणजे पाहायचं तरी कोणी? आंधळ्यानं?"

मी रागाने बोललो. पण वैद्यांची नजर माझ्या खांद्यावरच्या रुमालावर गेली. असा चेहरा मी फक्त मनाजोगी जोडी दिसलेल्या शेतकऱ्याचा पाहिला आहे.

"सखारामा," ते म्हणाले, "तुहा रुमाल दे रे."

त्यांनी जो बेत केला, तो पुढे कित्येक दिवस बाजारात लोक एकमेकांना समजावून सांगत होते. खांदे लागलेले दहा-बारा बैल जमवायचे. तीन सारखी बोळकी घ्यायची. एकात नंदीराज, दुसऱ्यात वैद्यांच्या वडिलांचे मलम, तिसऱ्यात औषध काहीच नाही, नुसते मेण घालून आटवलेले करडईचे तेल. तिन्हीत वरून हळद आणि कापूर, म्हणजे रंग सारखा, वास सारखा. बोळक्यांना लाल, पांढरा आणि काळा दोरा. कोणत्या दोऱ्यात काय, हे फक्त भरणाऱ्याला ठाऊक. बैलाच्या मालकाने रुमालाखाली ठेवलेल्या सुट्या दोऱ्यांत हात घालायचा, हाताला लागेल तो दोरा ओढायचा आणि बैलाच्या शिंगाला बांधायचा. त्या दोऱ्याचेच मलम त्या बैलाला.

"पण तुमच्या वडिलांचं मलम यात कशाला?" मी म्हणालो. "ते तर आपल्या बाजूचं आहे."

"मलमाले कोनती बाजू असते बे?"

बोळकी भरायला करीमभाई नालबंद बसला. बैलांना नाल ठोकता ठोकता त्याने स्वतःच्या तोंडालाही एक ठोकून घेतली होती. त्याच्या पोटातली गोष्ट त्याच्या बायकोलाही कळत नसे. मी दलाल, विचारून पाहणे माझे कामच. एका दुपारी मी हळूच त्याच्या हातावर रुमाल टाकला आणि आत बोट दाबून विचारले, नंदीराज कोणते? करीमभाईने माझा हात अलगद बाहेर काढून माझ्याच मांडीवर ठेवला. "सखाराम, आज इस रुमाल में भाव नहीं है. जा, चाय पी."

वैद्यांची आणखी एक अट होती. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, दोन बाजार उलटल्यावर तो भर बाजारात सांगायचा, आणि हे आज, आधीच, दवंडी पिटवून जाहीर करायचे.

"आधी कशाला?" मी म्हणालो. "जिंकलो तर पिटू."

"म्हनूनच आधी. मागाहून तुले बी लाज वाटन, मले बी वाटन, अन् दोघंबी म्हनू, जाऊ दे ना, कायले सांगा."

बापूसाहेबांना निरोप गेला. ते हसून म्हणाले, "त्या बैलदलालाला आणि वेड्या वैद्याला एकदाचे काय ते कळू दे." मलमाची डबी त्यांनी स्वतःच्या हाताने पाठवली. दवंडी झाली. शिरपूरपासून शेतकरी बैल घेऊन आले. मालकांना सांगितले, बैल नेहमी जसे वापरता तसे वापरा, फक्त मलम चुकवू नका.

मी रोज बैल बघत फिरू लागलो. आणि पहिल्या चार दिवसांतच मी ओळखले की लाल दोरा म्हणजे नंदीराज. लाल दोऱ्याचा बैल दिसला की त्याचा खांदा मला सडलेलाच दिसे. एक माशी बसली असली तर मला दहा दिसत. मी वैद्यांना सांगून आलो, "लाल खलास!" वैद्य म्हणाले, "बरं."

निकालाच्या दिवशी बाजारात बैलांपेक्षा माणसे जास्त होती. बापूसाहेब दमणीतून उतरले, जरीचा फेटा बांधून. वैद्य सकाळपासून बैलांमधून फिरत होते. खांदा पाहायचा, मालकाच्या कानाशी लागायचे, आणि "काहून?" मला काही समजेना. लाल दोऱ्याचे काही बैल बरे होते, काही नव्हते. पांढऱ्याचे तसेच. काळ्याचेही तसेच. नंदीराज जिंकले नव्हते, पण हरलेही नव्हते, आणि माझे नाव त्या कागदावर तसेच होते.

वैद्य दगडावर चढले. "करीमभाई, उघड."

करीमभाईने बोळकी मांडली. "काला, बापूसाहेब का नंदीराज. सफेद, सादा तेल." मग त्याने वैद्यांकडे जरा चोरून पाहिले. "लाल, वैद्यजी, तुमच्या वालिदचं."

ज्या लाल दोऱ्यात मला रोज किडे दिसत होते, ते आमचे मलम होते! वैद्य दगडावरून माझ्याकडे पाहून गालात हसले. मी दुसरीकडे पाहू लागलो.

"आइका!" वैद्य ओरडले. "माह्या बापाचं मलम अन् नुसतं तेल, यात काईच फरक नाई. तीन पिढ्या आमी ते इकलं. आजपासून बंद." हे ते अशा आनंदाने म्हणाले, की कोणाला वाटावे मुलगा झाल्याचे पेढे वाटत आहेत. "अन् बापूसाहेबाच्या मलमात बी तेलाहून जास्त काई नाई."

बापूसाहेब पुढे आले. "असे कसे? माझी जोडी बरी झाली की नाही? सगळ्या तालुक्याने पाहिली!"

वैद्यांचे डोळे लुकलुकले. ते खाली उतरले, साहेबांच्या समोर उभे राहिले आणि अगदी प्रेमाने त्यांनी विचारले, "काहून बरी झाली?"

"मलमाने!"

"मलम लावल्यावर ते जोडी डवऱ्याले जुंपली का?"

"जुंपीन कशी?" बापूसाहेब कडाडले. "एवढे महागाचे मलम, जुवाला सगळे पुसून नाही का जाणार? जोडी गोठ्यात बांधून ठेवली होती!"

मागून कोणीतरी खिदळले. मग एका बाजूने हशा सुरू झाला तो पार बाजाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. ज्यांना काही कळले नव्हते तेही हसत होते. बापूसाहेबांना आपण काय बोललो ते सगळ्यांत शेवटी कळले.

वैद्यांनी एकेक बैल पुढे आणून दाखवला. ज्याच्या घरी दुसरी जोडी होती, त्याने खांदा लागलेला बैल बसवून ठेवला होता. तो बरा होता, शिंगाला दोरा कोणताही असो. ज्याच्याकडे एकच जोडी, त्याने मलम लावून रोज जुंपला होता. त्याचा खांदा तसाच ओला. "मलम महाग, म्हनून बैल बसला. बसला म्हनून बरा झाला. अन् नाव झालं डबीचं!"

आता माझी पाळी होती. मी दगडावर चढलो. मला चढायला कोणी सांगितले नव्हते. "बापूसाहेब! जुंपलं तेव्हा खांदा लागला आणि सोडलं तेव्हा भरला. म्हणजे दोष माझ्या बैलात होता की तुमच्या जुवात?"

"जुवात!" बाजार ओरडला. एवढा गोड आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, पुढेही ऐकला नाही. बापूसाहेबांची दमणी निघून गेली. त्याच बाजारात माझ्या रुमालाखाली इतके हात आले की संध्याकाळी बोटे दुखत होती. जाहिरातीचे कागद पुढे पोळ्यापर्यंत भजी बांधायला कामी आले, आणि मी ती भजी मुद्दाम विकत घेऊन खात असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेढे घेऊन वैद्यांकडे गेलो. मला वाटले, स्वारी मिशीला पीळ भरत बसली असेल. ते ओट्यावर एकटेच होते आणि समोर औषधाचा दगडी खल घेऊन तो नुसता पुसत होते.

"बसा सखारामजी," ते म्हणाले. मला 'जी' त्यांनी पहिल्यांदाच लावला, तेव्हाच काहीतरी बिघडले आहे हे मी ओळखले.

"पेढा घ्या. काल आपण बाजार मारला!"

"मारला खरा." त्यांनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. "एक इचारू? बापूसाहेबाची मोठी वहिनी तुमाले आठवते? तिले एका वर्षी ताप लागलता. महिनाभर उतरेना. मी मात्रा देली. बरी झाली."

"आठवते ना. तुमचं किती नाव झालं होतं."

"त्याच महिन्यात आमच्या घरी बी तोच ताप. तेच मात्रा, याच खलातली." त्यांनी खलावरून बोट फिरवले. "वहिनीबाई पलंगावर निजून होती. अन् तिची मात्रा घोटून राह्यली होती माही बायको. अंगात ताप घेऊन. स्वतःची बी तिनंच घोटली. मी शेजारी बसून सांगू, अजून बारीक कर."

त्यांची बायको त्याच तापात गेली, हे गावात सर्वांना माहीत होते. किती वर्षे झाली होती, ते मात्र कोणी मोजले नव्हते.

"तवापासून इचारून राह्यलो मी. एक बरी झाली, दुसरी नाई, काहून? औषध तेच, हात तोच. कधी वाटे मात्रा जुनी झाली, कधी वाटे तिची प्रकृतीच नाजूक. काल त्या बैलाच्या खांद्यावर हात ठेवला अन्..."

मला समजुतीचे बोलता येत नाही. मला फक्त घासाघीस येते. म्हणून मी तीच केली. "हे पाहा अंबादासजी, एका माणसावरून काही ठरत नाही. तुम्हीच नेहमी म्हणता."

"नाई ठरत," ते म्हणाले. "तेच तं."

खलात काही नव्हते, तरी ते तो पुन्हा पुसू लागले.

अखेर मला राहवेना. "मग आता पुड्यांबरोबर विश्रांतीही द्या ना!"

"सांगतो ना. कोन देते? सासू म्हन्ते, पुडी द्या महाराज, निजायचं नोका सांगू."

"तुम्हाला भाव करता येत नाही," मी म्हणालो. "ते माझ्यावर सोडा."

आणि तसे झाले. पहिला सौदा मी माळीपुऱ्यातल्या एका घरी केला. सून तापाने फणफणली होती आणि डोक्यावर घागर घेऊन उभी होती. बाईमाणसाशी रुमालाखाली बोलता येत नाही, म्हणून जन्मात पहिल्यांदा मी उघड्यावर भाव केला. सारी गल्ली ऐकत होती.

"आठ दिवस निजू द्या तिला," मी तिच्या सासूला म्हणालो.

"आठ? अगा, तू दलाल हायेस का दरोडेखोर? एक दिवस देते."

"एका दिवसात बैलाचा खांदा भरत नाही, मावशी. सात."

"दोन. अन् दयन तिनंच दयावं."

"दळण तुमची लेक दळेल. माहेरी आलीच आहे. सहा."

म्हातारी चिडली, मी तिच्याहून चिडलो, शेजारणी मध्ये पडल्या, आणि पाच दिवसांवर, दळणा-पाण्यासकट, सौदा पटला. असा सौदा मी बैलांचाही केला नव्हता. वैद्य दाराबाहेर पागोटे सावरत उभे होते.

सून बरी झाली. एका सकाळी विहिरीच्या वाटेवर ती आम्हाला दिसली, आणि वैद्य सवयीने आडवे झालेच. "काय वो बाई, काहून बरी झाली?"

तिने पदर पुढे ओढला. सासू मागेच होती. तरी ती हळूच म्हणाली, "निजले होते ना जी."

मी पुढच्या 'काहून'ची वाट पाहत उभा राहिलो. वैद्यांनी तो विचारला नाही. ते बाजूला झाले आणि त्यांनी तिला वाट दिली.